माहूरचा कुटलेला विडा

नांदेड जिल्ह्यात, पैनगंगेच्या खोऱ्यातल्या डोंगरझाडीत माहूर वसले आहे. साडेतीन शक्तिपीठांपैकी हे एक. इथे पेढ्यापेक्षा मान तांबुलाचा! विड्याची पाने मसाल्यासकट खलबत्त्यात कुटायची आणि तो मऊ गोळा रेणुकामातेच्या मुखी द्यायचा. तोच मग प्रसाद म्हणून हाती येतो. दात नसलेल्या आजीबाईंनाही तो खाता येतो, हे किती सोयीचे!

पान ज्या नागवेलीचे, ती मिरीच्याच कुळातली. म्हणून तर जिभेला चरचरते. हिला कडक ऊन सोसत नाही आणि मुळाशी साचलेले पाणीही नको. जुन्या पानमळ्यांत ती शेवरी-हादग्यावर चढवीत. आपल्याकडे न्हाणीमागच्या सावलीत, ओलसर कुंडीत पेरासकट फांदी खोचली की पुरे. वर चढायला काठी मात्र द्या.

जेवणानंतर पान चघळले की तोंडाला पाणी सुटते, वास जातो, जड जेवणानंतर बरे वाटते. सर्दीत दोन पाने नि चिमूटभर ओवा घालून केलेला काढा घशाला शेकतो. (खोकला आठवडाभर हटला नाही तर काढा पुरे, डॉक्टर गाठा.) तान्ह्याच्या छातीवर एरंडेल लावलेले गरम पान ठेवायची जुनी रीत आहे, पण ती कोवळी कातडी भाजते, तेव्हा नकोच. बेसनात बुडवून तळलेली पानाची भजी मात्र पावसाळ्यात जरूर करा.

आता थोडे स्पष्ट बोलते. पान गुणाचे, पण त्यातली सुपारी तशी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखू नसली तरीही, कर्करोगकारक ठरवले. तंबाखूचे तर विचारूच नका. प्रसाद म्हणून चिमूटभर घेणे वेगळे आणि दुपारी पानपुडा उघडून बसणे वेगळे. घरी सुपारी नि चुना वगळून असा तांबूल करा:

दहा पाने धुऊन, पुसून, देठ खुडून घ्या. दोन चमचे गुलकंद, चमचाभर भाजलेली बडीशेप, दोन वेलदोडे, दोन लवंगा, चमचाभर सुके खोबरे. आधी कोरडे जिन्नस कुटा, मग पाने चुरडून घाला, शेवटी गुलकंद. मिक्सरमध्ये पाणी सुटते, म्हणून खलबत्ताच बरा. काथ नसल्याने तोंड लाल होणार नाही. सासूबाई कुरकुरतील, पण वाटी रिकामी होईल! एक-दोन दिवसांत संपवा, पान काळे पडते.