हिरवी जनावरं

आमच्या जावळीच्या मुलखात मृगाच्या पहिल्या सरींनी माती उमलली, ओल्या पाचोळ्याचा कुजकट-गोड वास घरात शिरू लागला, की पाणंदीच्या कडेला साप फणा काढून उभे राहत. साप म्हणजे सापकांदा. आधी नुसतंच फूल, पान मागाहून, पुढे झुकलेला पांढरा फणा, आत जांभळट झाक, आणि झुळूक आली की डुलणं असं की पायातली वहाण आपोआप थबकावी. त्याच्या बुडाशी राखणीचा साप असतो असं आजी ठासून सांगे, म्हणून आम्ही लांब काठीने त्याला डिवचत असू आणि तो आडवा पडला की कालियामर्दन केल्याच्या ऐटीत घरी परतत असू. राखणीचा साप काही भेटला नाही. कंदाची खाज मात्र हातातोंडाला अशी लागते की आजीचा साप तोच असावा. पुढे कधीतरी वाचलं की हे झाड कंद लहान असेतो नर फुलं देतं आणि अंगात बळ आलं की मादी होतं. काठी परजणाऱ्या आम्हां मर्दांना हे तेव्हा कुणी सांगितलं नाही, ते बरंच झालं.

पुण्याच्या पेशवे पार्कातलं प्राणिसंग्रहालय आम्ही ऐकूनच होतो, पण रानात जनावरांना तोटा नव्हता. बांधावर उंदीरकानी सरपटत असे, कुंपणावर निळी गोकर्ण, आणि जाळीत वाघाटी, जिचे आकडेबाज काटे सदऱ्याचा तुकडा घेतल्याशिवाय फळ देत नसत. पण आषाढी एकादशीचा उपास द्वादशीला सोडायचा तर पानात वाघाटीची भाजी हवीच, मग चुलीवरून येणारा तो कडसर वास नाकात घेऊन आम्ही ताटावर बसायचो आणि भाजी हळूच भाताखाली दडवायचो.

या सगळ्यांची राणी कळलावी. श्रावण सरता सरता ती कुडाला, करवंदीला, जे सापडेल त्याला पानाच्या वळलेल्या टोकाने धरून वर चढे आणि हिरवट-पिवळ्या पाकळ्या दिवसागणिक लाल होत जात. गुरं राखणारे आबा तिला खड्यानाग म्हणत आणि गुरांना तिच्यापासून हाकत. शाळेत ती वाघनखी, कारण आमच्या डोक्यात सदैव प्रतापगडच. आणि आजी त्याच वाकड्या पाकळ्यांना गौरीचे हात म्हणे. एकाच फुलापुढे नाग, वाघ आणि माहेरवाशीण अशी तिन्ही एका वेळी उभी राहत आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईची भावंडं येत तेव्हा उकिरड्यावर उगवणाऱ्या विंचू नावाच्या झाडाचा हंगाम असे. त्याची शेंग वाळून साल गळे आणि आत काळं, कडक, दोन नांग्या वळवलेलं बी निघे. ते फराळाच्या गडबडीत आतेभावाच्या कॉलरला अडकवायचं आणि चकलीच्या खमंग धुरात त्याची किंकाळी ऐकायची, यात माझं सगळं शौर्य सामावलेलं होतं. हा विंचू मूळचा मेक्सिकोकडचा, म्हणजे पाहुणाच, हे कळल्यावर जरा हिरमुसलो खरा.

२०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासचं पठार जागतिक वारशात गेलं, आणि आता आमच्या भागातही सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते. मुलं मोबाइल धरतात, क्षणात लॅटिन नाव येतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. आमच्या काठीपेक्षा त्यांचा कॅमेरा सापकांद्याला नक्कीच सोसतो. मात्र त्या लॅटिन नावात जपून राहा असा इशारा नसतो, आणि खड्यानागात तो होता. म्हणून एवढंच सांगतो: भादव्यात घाटात आलात तर कळलावी डोळे भरून पाहा, फोटो काढा, पण कुंडीत लावायला तिचा कंद उकरू नका. तो खरोखरच जीव घेण्याइतका विषारी आहे.