आमचा बाजार आणि माझे दहा रुपये

मी इयत्ता चौथीत शिकतो. गुरुजी म्हणाले, "भित्तिपत्रकासाठी बाजारावर लेख लिही. पण खरे खरे लिही." म्हणून मी खरे लिहीत आहे. यात माझी एक चूक पण आहे.

गेल्या डिसेंबर महिन्यात आपल्या शाळेत बालबाजार भरला होता. त्या दिवशी शनिवार होता. शनिवारी आम्हाला दप्तर नसते. बाजार एकच दिवस होता पण तयारी पंधरा दिवस चालली होती.

आधी आम्ही तराजू बनवला. नारळाच्या दोन करवंट्या घेतल्या. त्यांना भोके पाडून सुतळी बांधली आणि काठीच्या दोन टोकांना अडकवल्या. मधोमध दोरी बांधून उचलले तर तराजू एकीकडेच कलला. एक करवंटी जड होती. गुरुजी म्हणाले, "हलक्या करवंटीला खालून ओली माती लावा." आम्ही थोडी थोडी माती लावली. मग दांडी सरळ झाली. पण माती वाळल्यावर हलकी होते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा लावावी लागली.

नंतर वजने केली. आम्ही पिशव्यांत वाळू भरली आणि किराणा दुकानातल्या काट्यावर मोजली. १०० ग्रॅम, २०० ग्रॅम आणि ५०० ग्रॅमच्या पुरचुंड्या बांधल्या. ५०० च्या दोन ठेवल्या की १ किलो होतो. १ किलो म्हणजे १००० ग्रॅम, हे मला पाठ होते. पण हाताला १०० ग्रॅम केवढे लागते ते तेव्हाच कळले.

गुरुजींनी नफा-तोटा पण शिकवला. खेळातल्या नोटा घेऊन आम्ही वर्गात गिऱ्हाईक आणि दुकानदार झालो. खेळात मी एकदापण चुकलो नाही. मला वाटले, हिशोबात मीच पक्का.

माझ्या शेजारचे दुकान आमच्या वर्गातल्या एका मुलीचे होते. तिचे नाव गुरुजींनी लिहू नको म्हणून सांगितले. पण तिला विचारूनच मी हे लिहीत आहे. तिचे आई-बाबा ऊस तोडायला जातात. दिवाळी झाली की सामान भरतात आणि कोल्हापूरकडे जातात. पाडव्याच्या पुढेमागे परत येतात. तिसरीत असताना ती पण गेली होती. गुरुजींनी तिला शिक्षण हमी पत्रक दिले होते. ते दाखवले की तिकडच्या शाळेत बसता येते. पण शाळा फडापासून लांब होती. आणि आई उसात गेल्यावर लहान भावाला कोपीवर कोण सांभाळणार? म्हणून तिचे अर्धे वर्ष तसेच गेले.

या वर्षी गुरुजी दोनदा तिच्या घरी गेले. तेव्हा तिची आजी म्हणाली, "राहू द्या पोरीला माझ्यापाशी. मी हाय ना." म्हणून ती राहिली. भाऊ आईबरोबर गेला.

तिला जोडाक्षरे वाचता येत नव्हती. ती अडली की पोरे हसायची. मी पण हसलो आहे.

आता बाजाराचे सांगतो. माझ्या बाबांनी पहाटे शेवगावहून मेथीच्या ३० जुड्या आणून दिल्या. एक जुडी ६ रुपयांना पडली. म्हणजे भांडवल १८० रुपये झाले. मी एक जुडी १० रुपयांना विकणार होतो. बाबांनी मला १०० रुपयांचे सुट्टे पण दिले. त्या मुलीने बांधावरची बोरे आणली होती. ती आणि तिची आजी दोन दिवस बोरे वेचत होत्या. ५ रुपयांना एक पेला असा तिचा भाव होता. बाकीच्यांची भेळ, चहा, पेरू, वांगी, कोथिंबीर, शेंगदाण्याचे लाडू अशी दुकाने होती. कडुनिंबाखाली दोन रांगा लागल्या. "ताजी मेथी, ताजी मेथी" असे ओरडून माझा घसा बसला.

एका काकांनी विचारले, "मोबाईलवरून पैसे चालतात का रं?" गुरुजी लांबूनच म्हणाले, "आज फक्त रोख. पोरांना मोड मोजू द्या." सगळे हसले.

प्रार्थनेनंतर बायका आल्या आणि एकदम गर्दी झाली. चार हात एका वेळी पुढे यायचे. अकरा वाजेपर्यंत माझ्या सगळ्या जुड्या संपल्या. मी डबा उपडा करून पैसे मोजले. बाबांचे १०० आणि विक्रीचे ३०० असे ४०० पाहिजे होते. बरोबर ४०० भरले. मी लई खूश झालो.

तेवढ्यात शेजारची ती मुलगी हळूच म्हणाली, "तू मघाच्या त्या म्हातारीला धा रुपये कमी दिले."

मी म्हणालो, "गप. माझे पैसे बरोबर आहेत." मी तिच्यासमोर पुन्हा मोजले. पुन्हा ४०० भरले.

ती म्हणाली, "तिनं पन्नासची नोट दिली. दोन जुड्या घेतल्या. तू वीसच माघारी दिले. मी बघितलं."

मी म्हणालो, "मग माझ्याकडे धा जास्त पाहिजेत. कुठायत?"

ती जरा थांबली. मग म्हणाली, "मग कुणाला तरी धा जास्त गेले असतील."

तेव्हा मला आठवले. एका काकांनी १०० ची नोट देऊन तीन जुड्या घेतल्या होत्या. मी त्यांना ८० परत दिले. ७० द्यायचे होते. गर्दीत त्यांना पण कळले नसेल. म्हणजे एकीकडे १० जास्त गेले, दुसरीकडे १० कमी गेले आणि डबा बरोबर भरला. दोन चुका झाल्या होत्या आणि एकपण दिसत नव्हती.

खरे सांगतो, मला वाटले गप बसावे. कुणालाच माहीत नव्हते. आजीला दहा रुपये दिले तर माझा नफा कमी होणार होता. मी तसे तिला म्हणालो पण. ती म्हणाली, "ते तिचे धा हायेत. तुझे न्हाईत."

मग मी गुरुजींना सांगितले. मला वाटले ते रागावतील. पण ते म्हणाले, "जा, देऊन ये. मग आपण हिशोब लिहू." आम्ही दोघे मारुतीच्या देवळामागे त्या आजीच्या घरी गेलो. ती मेथी निवडत बसली होती. मी दहाची नोट दिली आणि चूक सांगितली. ती म्हणाली, "मला कुठं मोजता येतं रं लेकरा. तू दिलं ते मुठीत धरून आले." तिने आम्हाला गुळाचा खडा दिला. परत येताना मी काही बोललो नाही. तिला मोजता येत नव्हते म्हणून तिने माझ्यावर भरवसा ठेवला होता.

सोमवारी गुरुजींनी माझा हिशोब फळ्यावर लिहिला. विक्री ३००, खरेदी १८०, नफा १२०, चुकीचे १०, उरले ११०. मग त्या मुलीचा लिहिला. तिने ४२ पेले विकले होते. ४२ गुणिले ५ म्हणजे २१० रुपये. भांडवल काहीच नाही. मी म्हणालो, "हिचा सगळाच नफा." गुरुजींनी विचारले, "आजीच्या दोन दिवसांचे काय?" तेव्हा वर्गात कुणाला उत्तर आले नाही.

गुरुजींनी तिला विचारले, "एवढ्या गर्दीत तुझे लक्ष कसे होते?" ती म्हणाली, "फडावर बाबाला काट्याची पावती वाचता येत नाही. मीच आकडे वाचायची." मग तिने आम्हाला एक गणित घातले. भरलेली बैलगाडी काट्यावर ३ टन भरली. रिकामी गाडी अर्धा टन भरली. तर ऊस किती किलो? सगळे वहीत लिहायला लागले. तिने तोंडीच सांगितले, २५०० किलो. १ टन म्हणजे १००० किलो असतो. त्या दिवसापासून तिला कुणी हसले नाही.

नंतर आमचे ठरले. मधल्या सुट्टीत खिचडी खाल्ली की ती मला तोंडी हिशोब शिकवणार आणि मी तिला जोडाक्षरे शिकवणार. ती पाटीवर 'प्र' आणि 'क्ष' दहा दहा वेळा काढायची.

३ जानेवारीला शाळेत सावित्रीबाई फुले यांची जयंती झाली. त्यांचा जन्म १८३१ साली सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि त्या तिथे शिकवू लागल्या. त्यांनी शिक्षिकेचे शिक्षण नगरला मिस फरार यांच्याकडे घेतले होते. नगर म्हणजे आपलेच. आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर आहे. हे सगळे त्या मुलीने भाषणात वाचून दाखवले. सहा ओळी होत्या. 'प्रशिक्षण' या शब्दाला ती अडली. मी खाली बसून मनात म्हणत होतो, प्र, शि, क्ष, ण. कुणी हसले नाही. तिने तो शब्द फोडून वाचला आणि पुढे गेली. तिची आजी पहिल्या रांगेत बसली होती.

संध्याकाळी गुरुजींनी त्यांच्या मोबाईलवरून तिच्या आईला फोन लावला. तिने त्या सहा ओळी फोनवर वाचल्या. आई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "परत एकदा वाच."

आपली शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीला दुसऱ्या गावी जावे लागते. ती येणार का, ते तिचे आई-बाबा पाडव्याला आल्यावर ठरणार आहे. तेव्हा ते शाळेत येतील. म्हणून गुरुजींना माझी विनंती आहे की हे भित्तिपत्रक तोपर्यंत काढू नये. हा लेख त्यांना तीच वाचून दाखवणार आहे. त्यासाठी मी जोडाक्षरे मोठी काढली आहेत.