आज कुठली ‘टोस्का’?

गोष्ट आधीच ठाऊक असलेलं नाटक माणसं पुन्हा पुन्हा का बघतात, हे मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही. सुभद्रेचं लग्न शेवटी अर्जुनाशीच लागणार, हे पक्कं माहीत असलेल्या कित्येक पिढ्यांनी ‘सौभद्र’ला गर्दी केली. थिएटरच्या दारात चौकशी व्हायची ती एवढीच : आज कृष्ण कोण? सुभद्रेचं काम कोण करतंय? त्या उत्तरावर तिकीट काढायचं की घरी परतायचं, ते ठरायचं.

ऑपेराचे शौकीन याच कुळातले. फक्त घरी बसून ऑपेरा बघणाऱ्यापुढे आज एकच कंपनी उभी नसते. गेल्या साठेक वर्षांतल्या साऱ्या कंपन्या एकाच वेळी रंग लावून विंगेत तयार असतात. मार्च २०२०मध्ये सगळं जग घरात बसलं आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरानं रोज रात्री एकेक जुना प्रयोग फुकट दाखवायला सुरुवात केली, तेव्हा निवड तरी त्यांची होती. आपण फक्त टीव्हीसमोर बसायचं. आता वर्गणी भरली की मेटचा सारा साठा हाताशी येतो, ‘ऑपेराव्हिजन’वर युरोपातली थिएटरं आपले प्रयोग विनामूल्य मांडून ठेवतात, शिवाय कपाटात डीव्हीडी असतातच. परिणाम असा की ऑपेरा दोन तासांचा आणि तो निवडण्यातच पाऊण तास जातो.

मी अशा वेळी बहुधा पुच्चिनीच्या ‘टोस्का’कडे वळते. एक तर तो सुटसुटीत आहे. तीन अंक, संगीत जेमतेम दोन तासांचं. रात्री नऊला लावला तर अकराच्या सुमारास टोस्का किल्ल्यावरून उडी टाकून मोकळी आणि आपण अंथरुणावर पडायला मोकळे. वाग्नरच्या ‘गॉटरडॅमरुंग’ला हात घालायचा तर दुसऱ्या दिवशी रजा हवी.

१४ जानेवारी १९०० रोजी रोमच्या तेआत्रो कोस्तान्झीत ‘टोस्का’चा पहिला प्रयोग झाला. कथानक त्याच्या शंभर वर्षं आधीचं, जून १८००चं. नेपोलियनच्या लढाईच्या उलटसुलट बातम्या रोममध्ये येताहेत. फ्लोरिया टोस्का ही नावाजलेली गायिका. तिचा प्रियकर कावारादोस्सी चित्रकार. त्यानं तुरुंगातून पळालेल्या एका राजकीय कैद्याला आसरा दिलाय. पोलीसप्रमुख स्कार्पियाला कैदीही हवा आणि टोस्काही. शेजारच्या खोलीत प्रियकराचे हाल चाललेत, त्याच्या किंकाळ्या तिला ऐकवून स्कार्पिया सौदा करतो. ती ‘हो’ म्हणते, दोघांना शहराबाहेर जाण्याचा परवाना लिहून घेते आणि त्याच्याच जेवणाच्या टेबलावरची सुरी त्याच्या छातीत खुपसते.

यानंतरची काही मिनिटं हा माझा काटा. कुठलीही ‘टोस्का’ या काट्यावर तोलून बघावी. आता गाणं जवळपास थांबलेलं असतं, नुसता ऑर्केस्ट्रा वाजत राहतो. ती बोटं धुते. आरशात बघून केस सारखे करते. परवाना शोधते, तो मेलेल्याच्या आवळलेल्या मुठीत सापडतो. दाराकडे निघते आणि थबकते. परत येते, दोन मेणबत्त्या पेटवून त्याच्या डोक्याच्या दोन बाजूंना ठेवते, भिंतीवरचा क्रूस काढून त्याच्या छातीवर ठेवते. लांबून नगाऱ्यांचा आवाज येतो, आणि मग ती जाते. हे सगळं पुच्चिनीनं स्वरलिपीतच लिहून ठेवलंय. मुळात ते सार्दूच्या १८८७च्या नाटकातलं, सारा बर्नहार्टसाठी रचलेलं.

आईला पहिल्यांदा हे दाखवलं तेव्हा ती अस्वस्थ झाली.

“अगं, मेला ना तो एकदाचा? मग ही निघत का नाही? कुणी आलं म्हणजे?”

“देवभोळी आहे ती, आई. तसंच टाकून जाववत नाही तिला.”

“मग मारलं कशाला?” आणि लगेच स्वतःच, “नाही, मारलं ते बरंच केलं मेल्याला. पण दिवा लावायलाच हवा.”

मेणबत्त्या दोनच, पण त्या ठेवण्याच्या तऱ्हा किती! १९६४ साली लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये मारिया कॅलासनं केलेला दुसरा अंक कृष्णधवल चित्रफितीत उरलाय. पूर्ण ऑपेरात कॅलास कशी दिसायची, हे दाखवणारी एकही सलग फिल्म नाही. जे आहे ते असे तुकडे. समोर स्कार्पिया आहे तितो गोब्बी. कॅलास वाइनचा पेला उचलते आणि तिची नजर सुरीवर पडते. पेला हातातच राहतो. खून करायचं ठरतं ते त्या क्षणी, गळ्यातून एकही सूर निघालेला नसताना. पुढे मेणबत्त्या ठेवताना ती प्रेताकडे जी बघते, त्यात दया नाही. आपल्या हातून काय झालं याचा पत्ता तिला आत्ता कुठे लागतोय. त्या फितीतला आवाज दबलेला आहे, चित्र खरखरीत आहे, आणि पंधरा मिनिटांत आपण ते दोन्ही विसरतो.

तो प्रयोग फ्रांको झेफिरेल्लीनं कॅलाससाठी बसवला होता. ती गेली, तरी त्याच सजावटीत कोव्हेंट गार्डन पुढची चाळीस वर्षं ‘टोस्का’ करत राहिलं. नंतर जोनाथन केंटनं नवी बसवली, ती २०११मध्ये चित्रित झाली : अँजेला जॉर्जिऊ, योनास काउफमान आणि मळकट केसांचा, धिप्पाड ब्रिन टर्फेल. संगीत दिग्दर्शन अँटोनिओ पापानो यांचं. पहिल्यांदा ‘टोस्का’ बघणाऱ्याला मी हीच लावून देते. चर्च चर्चसारखं, महाल महालासारखा, आणि तिघेही असे की कोण काय म्हणतंय हे खालच्या अक्षरांकडे न बघताही निम्मं कळावं.

ती खालची अक्षरंही ऑपेरात अलीकडचीच. थिएटरात रंगमंचाच्या वर भाषांतर दाखवायची सुरुवात १९८३मध्ये टोरोंटोच्या ‘कॅनेडियन ऑपेरा कंपनी’नं केली. घरच्या पडद्यावर ती ओळ गायकाच्या गळ्याशीच येऊन बसते आणि डोळा आधी तिच्याकडे धावतो. म्हणून ओळखीच्या ऑपेरात मी ती बंद करते. एकदा गोष्ट अंगवळणी पडली की शब्दांचा अर्थ गळाच सांगतो.

आणि गळा घरी कितपत कळतो? ही मोठी फसवी बाब आहे. मेटच्या प्रेक्षागृहात सुमारे ३,८०० खुर्च्या आहेत आणि गायकाच्या पुढ्यात माइक नसतो. साठ-सत्तर वाद्यांना ओलांडून शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं, यासाठी हा आवाज वर्षानुवर्षं कमावलेला असतो. ध्वनिमुद्रणात मात्र लहान आवाज आणि मोठा आवाज एकाच मापाचे होतात. थिएटरात जो वाद्यांखाली बुडाला असता, तो आपल्या दिवाणखान्यात मजेत तरंगत येतो. त्यामुळे ‘काय आवाज आहे!’ असं घरी बसून म्हणण्यात फारसा अर्थ नसतो. घरी कळतं ते वेगळं : श्वास कुठे घेतला, व्यंजन कसं चावलं, कुठला सूर मुद्दाम कोरडा ठेवला. गोब्बी घरी जिंकतो तो यामुळे.

डोळ्यांचं गणित याच्या उलट. शेवटच्या रांगेसाठी केलेला अभिनय कॅमेरा वीतभर अंतरावरून दाखवतो, तेव्हा जबडा दिसतो, जीभ दिसते, कपाळावरून ओघळणारा घाम दिसतो. आपल्याकडे बैठकीत तान घेताना गवयाचं तोंड वेडंवाकडं झालं तर कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण तो तिथे कुणाचा प्रियकर नसतो. इथे तो प्रेमात आहे, मरणाच्या दारात आहे, आणि आपल्याला त्याच्या दाढांमधलं सोनं दिसतंय.

कॅमेरा आपल्या वतीनं आणखी एक गोष्ट ठरवून टाकतो. पहिल्या अंकाच्या शेवटी सान्त आंद्रेआ देल्ला व्हाल्ले या चर्चमध्ये ‘ते देउम’ची मिरवणूक निघते. घंटा, तोफा, ऑर्गन, धर्मगुरू, पोरंटोरं, सारं शहर देवापुढे उभं. आणि या सगळ्याच्या मध्ये स्कार्पिया एकटाच, टोस्का आपल्या हाती कशी लागेल याचा मनसुबा गातोय. थिएटरात हे दोन्ही एकदम दिसतं. भक्तीच्या एवढ्या पसाऱ्यात एक माणूस किती नासलेला आहे, हे त्या एकदम दिसण्यातूनच कळतं. टीव्हीवर मात्र दृश्य कापणारा एक तर स्कार्पियाचा चेहरा दाखवतो, नाही तर मिरवणूक. काही चित्रणं या प्रसंगात इतकी कापाकापी करतात की धड पूजाही होत नाही आणि धड पापही. जो कॅमेरावाला इथे धीर धरून मागे उभा राहतो, त्याचं चित्रण मी पुढे बघते.

चित्रीकरणाच्या हौसेची परमावधी झाली ती १९९२च्या जुलैत. ‘टोस्का’ ज्या जागी घडते त्याच जागी आणि ज्या वेळी घडते त्याच वेळी, असा प्रयोग रोममध्ये झाला आणि तो शंभराहून अधिक देशांत थेट दाखवला गेला. पहिला अंक भर दुपारी खऱ्या चर्चमध्ये, दुसरा रात्री पलात्सो फार्नेसेत, जिथे फ्रान्सचा दूतावास आहे. तिसरा पहाटे कास्तेल सान्त आंजेलो या किल्ल्याच्या गच्चीवर. कॅथरीन मालफितानो, प्लासिदो डोमिंगो आणि स्कार्पिया रुज्जेरो राइमोंदी. ऑर्केस्ट्रा शहराच्या दुसऱ्या भागातल्या सभागृहात, आणि तिथे काठी हातात घेऊन उभे होते मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. गायकांना ते दिसत होते ते आडोशाला ठेवलेल्या पडद्यांवर. एक श्वास पुढेमागे झाला तर सावरायला नजरानजर नाही. तिसऱ्या अंकाची सुरुवात बघावी तर यातलीच. पुच्चिनी त्या किल्ल्यावर पहाटे चढून आजूबाजूच्या घंटा ऐकून आला होता, सेंट पीटर्सच्या मोठ्या घंटेचा खर्ज कुठल्या स्वराचा याची त्यानं चौकशी केली होती. त्या घंटा वाजतात आणि समोर खरंच उजाडत असतं. तरीही सबंध बघितल्यावर माझं मन पूर्ण भरत नाही. खऱ्या भिंतींमध्ये गाणं अचानक खोटं वाटायला लागतं. पुठ्ठ्याच्या भिंतींमध्ये ते कधीच खोटं वाटत नाही.

बेन्वा जाकोनं २००१च्या चित्रपटात यावर एक युक्ती काढली. गाणं आधी स्टुडिओत मुद्रित केलं, मग सजवलेल्या सेटवर चित्रण केलं आणि मधूनमधून त्या मुद्रणाचीच कृष्णधवल दृश्यं पेरली : साध्या कपड्यांतली जॉर्जिऊ, माइकपुढे उभी. खोटेपणा लपत नसेल तर तो उघडच दाखवावा, हा त्यातला शहाणपणा. स्कार्पिया इथेही राइमोंदीच, नऊ वर्षांनी अधिक मुरलेला.

आणि मेणबत्त्याच काढून टाकल्या तर? सप्टेंबर २००९मध्ये ल्युक बाँडीनं मेटमध्ये नेमकं हेच केलं. त्याच्या आधी तिथे झेफिरेल्लीनं उभारलेलं झगमगीत रोम वर्षानुवर्षं नांदत होतं. बाँडीची टोस्का, कारिता मात्तिला, खुनानंतर खिडकीशी जाते, जीव द्यावा का असा विचार करते, मग येऊन सोफ्यावर रेलते आणि पंख्यानं वारा घेत बसते. पहिल्या रात्री दिग्दर्शक मंडळी पडद्यापुढे आली तेव्हा प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. २०१७च्या शेवटच्या रात्री मेटनं डेव्हिड मॅकव्हिकरची नवी ‘टोस्का’ आणली, तीत रोम पुन्हा रोमसारखं झालं.

मी बाँडीच्या बाजूनं थोडं भांडेन. संगीत त्या वेळी मेणबत्त्यांच्या बेतानं चालतं, हे खरं. ऐकताना हात रिकामे राहिल्यासारखे वाटतात. पण आत्ताच माणूस मारलेल्या बाईला विधी सुचेल, की नुसतं गळून गेल्यासारखं होईल? तो सोफा बघितल्यापासून मला बाकीच्यांच्या मेणबत्त्या जास्त नीट दिसायला लागल्या. कोण सवयीनं ठेवतं, कोण भीतीनं, आणि कोण फक्त पुस्तकात लिहिलंय म्हणून. आईला मात्र ही ‘टोस्का’ मुळीच मान्य नाही. “वारा कसला घेतेय? उठ म्हणावं,” असं म्हणून ती स्वयंपाकघरात निघून गेली होती.

थिएटरात आपली खुर्ची खिसा ठरवतो. घरी ती चित्रण करणारा ठरवतो, आणि आपण पैसे न मोजताच कधी स्कार्पियाच्या टेबलाशी जाऊन बसतो, कधी पहाटेच्या गच्चीवर, कधी मुद्रणाच्या खोलीत. म्हणून ‘सर्वोत्कृष्ट दहा’च्या याद्या मला फारशा उपयोगी पडत नाहीत. त्या गायकांना गुण देतात. आपल्याला कुठे बसवणार, ते सांगत नाहीत. थकून आलेल्या दिवशी मला लंडनची ‘टोस्का’ पुरते. डोकं जागं असलं तर बाँडीशी वाद घालते. कुणी ऑपेराला नाकं मुरडणारे पाहुणे आले तर त्यांना सबंध काही दाखवत नाही, कॅलास आणि गोब्बीचा तो एक अंक लावते आणि गप्प बसते. त्यांच्यापैकी निम्मे तरी संपल्यावर पुढे काय होतं ते विचारतात. उरलेल्यांना चहा देते.