हातखंब्याचा तिठा

रत्नागिरीहून निघालेला रस्ता जेथें मुंबई-गोवें हमरस्त्यास मिळतो, तो हातखंब्याचा तिठा आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं एस्. टी.च्या खिडकींतून पाहिला असेल. उतरून पाहण्यासारखें येथें कांहीं आहे, असें सहसा कोणी म्हणत नाहीं. आमची थोरली भगिनी याच गांवीं दिली असल्यामुळें आम्ही मात्र तो पन्नास वर्षें पाहत आलों आहों. पूर्वीं या वाटेनें आंब्याच्या पेट्या जात. आतां घटकाभर उभें राहावें तर वायूच्या टँकरांची रांग संपतां संपत नाहीं. जयगड बंदराकडून येणारे टँकर थोडें उत्तरेस, निवळीला, हमरस्त्याला लागतात आणि अक्काच्या अंगणापुढून गोव्याकडे वा घाटावर जातात.

२०२५ च्या जुलैंत, ऐन पावसांत, असाच एक टँकर हातखंब्यापाशीं उलटला आणि वाहतूक कित्येक तास बंद राहिली. अक्कानें त्या रात्रीं शेगडी व देवघरांतील समई दोन्ही विझविल्या आणि नातवंडांना घेऊन ती वरच्या वाडींत जाऊन बसली. पुढें गणपतींत आम्ही गेलों तेव्हां वाटलें, ती आतां पुन्हां चुलीकडे वळली असेल. ती हंसली. "अरे, धुराचें भय कमी होतें कीं काय? आईचे डोळे कशानें गेले, विसरलास?"

आम्ही विसरलों नव्हतों.

संस्कृतांत योगक्षेम असा एक समास आहे. नाहीं तें मिळविणें हा योग, मिळालें तें राखणें हा क्षेम. शाळेंत आम्हीं तो शेंकडों वेळां सोडविला, न सुटल्यास मुलांचे गुणही कापले. पण त्याचा अर्थ या तिठ्यावर जितका उमगला तितका पूर्वीं उमगला नव्हता. वाढत्या राज्यास वीज, वायू, तेल हवेंच. योगाच्या मागें सारेच लागतात. क्षेमाचें काय होतें तें पाहावयाचें असेल तर आमच्याच जिल्ह्यांत गुहागर तालुक्यांतील अंजनवेलीस जावें.

नांव दाभोळचें, जागा अंजनवेलीची, असा तो वीजप्रकल्प. १९९२ सालीं विजेच्या भावी टंचाईचा हिशेब मांडून एन्रॉन या अमेरिकन कंपनीशीं बोलणें ठरलें. १९९५ त करार रद्द झाला, १९९६ त पुन्हां जुळला, मे १९९९ मध्यें ७४० मेगावॅटांचा पहिला टप्पा सुरू झाला आणि मे २००१ मध्यें यंत्रें थांबलीं. इंधन नाफ्था, भाव डॉलरांशीं बांधलेला. तेल महागलें, रुपया घसरला, आणि ती वीज राज्य विद्युत् मंडळास परवडेना. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत एन्रॉनचें दिवाळें निघालें. २००५ त सरकारी कंपन्यांनीं प्रकल्प हातीं घेतला. पुढें त्यास देशी वायू देऊं केला, तर २०१३ च्या सुमारास तोही आटला. २०१५ पासून रेल्वेस वीज पुरवून त्याला कसाबसा श्वास मिळाला. एवढी थोरली यंत्रें बांधणारास त्यांत जाळावयाचें काय व कोणत्या दरानें, हा प्रश्न आधीं सुचूं नये याचें आम्हांस अजून नवल वाटतें.

चुलीच्या वायूची गत निराळी नाहीं. देशास लागणारा निम्म्याहून अधिक वायू बाहेरून, तोही बहुतेक होर्मुझच्या सामुद्रधुनींतून येतो. अक्काच्या दारावरून जाणारा हाच रस्ता दक्षिणेस मंगळुरास पोंचतो. तेथें खडक कोरून या वायूसाठीं ८० हजार टनांची गुहा केली आहे. देशाची रोजची गरजच ८० हजार टनांवर आहे. म्हणजे एवढा खडक फोडून पुरता एक दिवसही भागत नाहीं.

निघतांना आम्हीं हें अक्कास सांगितलें. तिनें ऐकून घेतलें व आम्हांस मागल्या पडवींत नेलें. तेथें वाळलेलीं लांकडें आढ्यापर्यंत रचलेलीं होतीं. चुलीवर मात्र नवें झांकण.

"जाळीत नाहीं हो," ती म्हणाली. "असूं देत आपलीं."

तेवढ्यांत एस्. टी. आली.