सप्तमी एक, महिने दोन

२३ ऑगस्ट २०२३ या दिवशीच्या तिथीविषयी महाराष्ट्रात दुमत नव्हते. शुद्ध सप्तमी. दुमत होते ते महिन्याविषयी. दाते पंचांग आणि घरोघरच्या भिंतीवरची कॅलेंडरे श्रावण म्हणत होती, टिळक पंचांग भाद्रपद. आमच्या मराठी विभागातील एकाचे घराणे रत्नागिरीकडचे, टिळक पंचांग मानणारे. त्यांच्याकडे २० ऑगस्टलाच गणपती बसले. सरकारी सुट्टी मात्र १९ सप्टेंबरची. एकाने नैमित्तिक रजा खर्ची घातली, इतरांनी त्याच्या तासिका वाटून घेतल्या, आणि किन्हवलीच्या त्या लहानशा अध्यापक-कक्षात आठवडाभर वाद रंगला : खरा भाद्रपद कोणता?

वादाचे मूळ शोधता ध्यानात येते की हे भांडण चंद्राचे नाही, सूर्याचे आहे. तिथी म्हणजे सूर्यापासून चंद्राने घेतलेले अंतर. दर बारा अंशांना एक तिथी. ते मोजताना राशिचक्राचा आरंभ कुठे धरला, याने काहीच बिघडत नाही. महिन्याचे नाव मात्र त्या महिन्यात सूर्य कोणत्या राशीत शिरतो यावर ठरते, आणि तिथे आरंभबिंदू आडवा येतो. टिळक पंचांग रेवतीच्या ताऱ्यापासून मोजते, दाते पंचांग चित्रेच्या समोरच्या बिंदूपासून. दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर, म्हणजे सूर्याच्या चालीने चार दिवसांचे. त्या वर्षी १६ ऑगस्टला अमावास्या होती. दात्यांच्या गणिताने सूर्य सिंहेत शिरला १७ तारखेला; म्हणून अमावास्येला संपलेला महिना संक्रांतीवाचून राहिला आणि 'अधिक श्रावण' ठरला. टिळकांच्या गणिताने ती संक्रांत अमावास्येपूर्वीच होऊन गेली होती. साहजिकच पुढचा महिना भाद्रपद. एका दिवसाने चुकामूक झाली आणि गणपतींमध्ये महिन्याचे अंतर पडले!

मराठीच्या विद्यार्थ्याने हा सारा प्रपंच शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथात वाचावा. १८९६ साली एका शिक्षकाने मराठीत लिहिलेला हा ग्रंथ आम्ही मराठी गद्याच्या थोर ग्रंथांत गणतो. अभ्यासक्रम त्याला शास्त्राकडे ढकलतात आणि शास्त्रवाले भाषेकडे.

त्याच २३ ऑगस्टच्या सायंकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३चे 'विक्रम' चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागात उतरले. चंद्र तेव्हा सूर्यापासून साधारण ७९ अंशांवर होता, बिंबाचा शेकडा चाळीस भाग उजळलेला. हा दिवस मुहूर्त पाहून नव्हे, ऊन पाहून निवडला होता. उतरण्याच्या जागी नुकतीच सकाळ झाली होती आणि पुढे आपले जवळपास चौदा दिवस तिथे सूर्य राहणार होता. सौरऊर्जेवर चालणाऱ्या यंत्रांना तेवढाच अवधी. चंद्राच्या कला म्हणजे तिथल्या सकाळ-दुपारी, हे त्या दिवशी वर्गात न सांगताच कळले. त्या सकाळीला श्रावणातली म्हणावे की भाद्रपदातली, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही.

हे आम्हाला साहित्याच्या संदर्भात का महत्त्वाचे वाटते? आमच्या वर्गांत अलीकडे एक वाक्य फार सैल झाले आहे : संहितेचे अर्थ अनेक असतात. असतातच; भाद्रपदही दोन असतात. पण सप्तमी एकच असते, आणि कुठे भाद्रपद आहे व कुठे सप्तमी, हे ओळखणे हाच वाचनाचा अर्धा अभ्यास.

डोळखांबकडून येणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीचे उदाहरण देतो. एका कथेत नायिका तिन्हीसांजेपासून ओट्यावर वाट पाहत बसली आहे आणि शेवटी पूर्वेच्या डोंगरावर चंद्राची बारीक कोर उगवते. मार्गदर्शकांतून या कोरीला 'आशेचे प्रतीक' म्हणण्याची वहिवाट आहे. या मुलीने उत्तरपत्रिकेत लिहिले : संध्याकाळची कोर पश्चिमेला असते आणि लगेच मावळते, पूर्वेला उगवणारी कोर वद्य पक्षाच्या अखेरची, पहाटेची. म्हणजे ही बाई रात्रभर बसून आहे आणि कोणी आलेले नाही. बाहेरच्या कुणा परीक्षकाने समासात 'विषयांतर' असा शेरा मारून गुण कापले. आमच्या मते त्या कथेवर याहून नेमके वाक्य आजवर लिहिले गेलेले नाही.

तिला हे कोणत्या पुस्तकातून कळले, असे आम्ही विचारले. तिच्या घरी आजी संकष्टी करते. कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ असते ती मुंबईची. मुंबईच्या पूर्वेला असल्याने आमच्याकडे चंद्र हिशेबाने दोन-अडीच मिनिटे आधीच उगवायला हवा. प्रत्यक्षात आजोबाच्या डोंगरापासून माळशेजपर्यंत सह्याद्रीची भिंत पूर्वेला उभी. किन्हवलीत तो दिसायला दहा-पंधरा मिनिटे उशीर होतो, आणि गाव डोंगराच्या जितके जवळ तितका अधिक. आजी कॅलेंडर मानते, पण ताट वाढून घेत नाही. नातीला अंगणात उभी करते आणि आतून विचारत राहते, ''दिसला का गं?''