सायकलींचे गाव लुधियाना

पंजाबात येणारा मराठी पर्यटक अमृतसरचे सुवर्णमंदिर पाहतो, जालियनवाला बागेत नतमस्तक होतो आणि परतीच्या गाडीत बसतो. वाटेवरचे लुधियाना त्याला खिडकीतूनच दिसते. फार तर लोकरी स्वेटरसाठी कोणी उतरतो. पण ज्यांच्या घरी जिन्याखाली जुनी सायकल धूळ खात उभी आहे आणि ती दुरुस्त करावी की नवी घ्यावी हा वाद मिटत नाही, त्यांनी इथे एक दिवस जरूर काढावा.

मूळचे कमालियाचे मुंजाल बंधू 1944 मध्ये अमृतसरला येऊन सायकलच्या सुट्या भागांचा धंदा करू लागले. फाळणीनंतर ते लुधियानात स्थिरावले. 1956 साली त्यांनी 'हिरो' सायकलचा कारखाना काढला आणि 1986 मध्ये जगात सर्वाधिक सायकली बनवणारा म्हणून त्याची गिनेस बुकात नोंद झाली. 'एव्हन' सायकलही इथलीच. पण या मोठ्या नावांइतकेच महत्त्व छोट्या कारखान्यांना आहे. कुठे नुसते हब, कुठे पायडल, कुठे मडगार्ड, तर कुठे घंटीच बनते.

गिल रोडचा बाजार

गिल रोडवर सायकलच्या सामानाची दुकाने आहेत. भारतातल्या काळ्या दणकट सायकलीची मापे वर्षानुवर्षे बदललेली नाहीत. आजोबांच्या सायकलीला 28 इंची टायर लागत असेल, तर तो आजही मिळतो. चेन, फ्री व्हील, कॉटर पिन, छर्रे यांचेही तसेच. म्हणून अशी सायकल सहसा मोडीत काढावी लागत नाही.

वाकड्या हँडलच्या जुन्या रेसर सायकलीची गोष्ट निराळी. तिची चाके बहुधा 27 इंची असतात, तर आजच्या रेसरला 700 सी मापाची लागतात. दोन्ही रिममध्ये टायर बसण्याच्या जागेचा व्यास 8 मिलिमीटरने कमी-जास्त असतो. नवे चाक बसवले तर ब्रेकचे रबर 4 मिलिमीटर खाली यावे लागते. तेवढी जागा नसेल तर ब्रेकही बदलावे लागतात आणि खर्च वाढत जातो.

आधी फ्रेम पाहा

निर्णय मात्र फ्रेमवरच ठरतो. मागच्या चाकाच्या एक्सलजवळ दोरा बांधून तो हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आणावा. सीटखालच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर सारखे भरले तर फ्रेम सरळ आहे. पुढच्या चिमट्याच्या मुळाशी रंगाला सुरकुती किंवा तडा दिसला तर मोह सोडावा. उतारावर चिमटा तुटला तर जिवावर बेततो.

चेनचे 24 जोड नवेपणी बरोबर 12 इंच भरतात. इंचाचा सोळावा भाग वाढला असेल तर चेन बदलावी. आठवा भाग वाढला असेल तर फ्री व्हीलही गेले असे समजावे. फ्रेम धड असेल, तर चेन, छर्रे, टायर आणि चाकाचा आऊट काढणे एवढ्यावर सायकल पुन्हा रस्त्यावर येते. बिल नव्या सायकलीच्या किमतीजवळ जाऊ लागले, तरच नवी घ्यावी.

या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. शहरातून सतलजकडे जाणारा बुड्ढा नाला रंगकाम आणि मुलाम्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्याने काळा पडला आहे. नव्या हँडलची चकाकी फुकट येत नाही.

कसे जाल?

मुंबईहून गोल्डन टेंपल मेल आणि पुण्याहून झेलम एक्सप्रेस लुधियानावरून जातात. डिसेंबर-जानेवारीत धुके आणि मे-जूनमध्ये कडक ऊन असते. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च हे दिवस उत्तम. वेळ असेल तर कृषी विद्यापीठातले ग्रामीण पंजाबचे संग्रहालयही पाहावे. निघण्यापूर्वी घरच्या सायकलीच्या टायरवरचे माप आणि फ्रेमची उंची कागदावर लिहून घ्यावी. दुकानदार पहिला प्रश्न तोच विचारतो.