टोकात डोकावायचं नाही

चाळिशी लागल्यापासून इंटरनेटच्या फायबरचं टोक जवळ धरलं तर पुसट होतं, लांब धरलं तर दिसतच नाही. म्हणून खिशात भिंग आलं, आणि आमच्या धंद्यात नेमकं तेच वाईट. टोकातून पसरत बाहेर पडणारा लेझरचा उजेड भिंग गोळा करतं आणि थेट बुबुळात सोडतं.

उजेड म्हणायचं, पण दिसत काही नाही. घराकडे येणारा 1490 नॅनोमीटरचा, घरातून जाणारा 1310 चा. दिसला असता तर पापणी आपसूक मिटली असती. हाताखालचा पोरगा मोबाइलचा कॅमेरा लावून बघतो, कारण टीव्हीचा रिमोट त्यात चमकतो. रिमोटचा उजेड 940 च्या आसपास. 1310 आणि 1490 ला तो कॅमेरा आंधळा. काही चमकलं नाही की हा समजतो लाइन बंद, आणि टोक डोळ्यासमोर धरतो. उजेड मोजणारा पॉवर मीटर कमरेलाच लटकत असतो!

काही होत नाही, म्हणतो. त्याचंही अगदी खोटं नाही. गिऱ्हाइकाच्या घरी मीटरवर उणे 20 डीबीएम येतं, म्हणजे मिलीवॉटचा शंभरावा भाग. त्यानं डोळा जात नाही. पण तोच पोरगा उद्या केबलवाल्याच्या कंट्रोल रूममध्ये जातो. तिथं टीव्हीच्या 1550 च्या अॅम्प्लिफायरला एकेका पोर्टवर 20 डीबीएम असू शकतं, म्हणजे 100 मिलीवॉट. दहा हजार पट. वायर तशीच पिवळी, टोक तसंच हिरवं, आणि हाताला सवय एकच लागलेली.

आमच्याकडे अक्कलकोट रोडला यंत्रमागांच्या आसपास कापसाचे तंतू उडतात, कनेक्टरवर बसतात, सिग्नल पडतो. टोक बघायचा मोह तिथंच होतो. न बघता क्लीनर मारायचा, एवढंच. मला ते जड जातं. नुसत्या नजरेनं कचरा ओळखणारा म्हणून माझं नाव होतं, आणि ते मला फार आवडायचं. 9 मायक्रॉनच्या गाभ्यावरचा कण उघड्या डोळ्याला कुणालाच दिसत नाही, हे ठाऊक असून मी चेहरा तसा करायचो.

आताची पोरं कनेक्शनमागे पैसे घेतात, म्हणून घाईत फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन उघडतच नाहीत. फास्ट कनेक्टर दाबला की निघाले. छाटलेले काचेचे तुकडे तिथंच. 125 मायक्रॉनची ती कुसळं चादरीत अडकली की लेझरच्या आधी टोचतात, आणि काढायला सापडत नाहीत. मी चिकटपट्टीवर एकेक टिपतो, तर हसतात. हसोत.

तुमच्या घरच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकायला लागला, तर पिवळी वायर उपसून आत बघू नका. निघालीच असेल तर टोकाला टोपी घाला, आणि येणाऱ्या माणसाला आधी विचारा, मीटर आणलाय का?